पाण्यावरचा हक्क सोडताना

घरामागे मोकळी जागा आहे अठरा फूट बाय बारा फूट. तिथे पाणी हवं, यावर घरात एकमत आहे. भांडण आहे ते पाणी उघडं असावं की झाकलेलं, यावर. बाग करून देणाऱ्या तरुणाने दोन अंदाजपत्रकं आणून दिली. पहिलं नेहमीच्या तळ्याचं: खड्डा, त्यात जाड रबरी कापड, काठाला दगड, एका कोपऱ्यात कुमुदिनी, पाण्यात मासे. दुसरं 'पाँडलेस वॉटरफॉल'चं. यात रचलेल्या दगडांवरून पाणी खाली येतं आणि पायथ्याच्या गोट्यांत शिरून दिसेनासं होतं. गोट्यांखाली टाकी, टाकीत पंप, पंपापासून वर गेलेला पाइप. तेच पाणी पुन्हा वर चढतं, पुन्हा पडतं. बटण दाबलं की धबधबा, बंद केलं की दगडांचा ढीग. "काका, पाण्याचा आवाज सगळा मिळतो, कटकट शून्य," तो म्हणाला.

कटकट म्हणजे काय काय, हे मी त्याला खोदून विचारलं. बिचारा प्रामाणिक होता. पाणी हिरवं होतं, गाळ साचतो, मासे मरतात, बेडूक येतात, बेडकांच्या मागावर दिवड येतो, खंड्या मासे पळवतो, मांजर काठावर ठाण मांडून बसतं, आणि गावाला जायचं झालं तर कुणाला तरी सांगून जावं लागतं. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं, की यातली जवळजवळ सगळी तक्रार दुसऱ्या कुणाच्या तरी येण्याबद्दल आहे. पाणी बिचारं होतं तिथेच आहे. ते उघडं आहे म्हणून लोक येतात, एवढाच त्याचा गुन्हा.

बायकोचं म्हणणं, घरामागे डबकं करायचं की नाही एवढा साधा प्रश्न आहे, यात धर्म-अधर्म काढू नका. पण माझी नोकरी गेली पाटबंधारे खात्यात. आवर्तन कधी सोडायचं, शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचलं, मधे कुणी चारी फोडली, यातच हयात गेली. पाण्याचा प्रश्न कधी साधा असतो यावर माझा विश्वास नाही.

धरणावर आमच्याकडे बाष्पीभवन मोजायचं एक तबक असे. तांब्याचं, पांढऱ्या रंगाचं, चार फूट व्यासाचं आणि दहा इंच खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं. काल पाणी कुठवर होतं, आज कुठवर आहे. मधला फरक सूर्याने आणि वाऱ्याने नेला असं धरायचं. मे महिन्यात हा फरक दहा मिलिमीटरला पोचतो. त्या तबकावर षटकोनी छिद्रांची तारेची जाळी असायची. नवा माणूस आला की विचारायचा, जाळी कशाला? कारण चिमण्या येतात, कावळे येतात, एखादं कुत्रं पुढचे पाय टेकून लपालपा पितं. त्यांनी प्यायलेलं पाणी बाष्पीभवनात जमा होतं आणि आकडा बिघडतो. जाळी बरोबरच होती. उपकरण शास्त्रासाठी होतं, पाणपोई म्हणून नव्हतं. तरी दुपारच्या उन्हात चोच वासून जाळीवर बसलेला कावळा पाहिला, की वाटायचं, धरणाच्या अख्ख्या जमाखर्चात याचा रकाना कुठे आहे? शेती, पिणं, उद्योग, गळती, बाष्पीभवन. हे पाच रकाने भरले की ताळेबंद जुळायचा.

हा सहावा रकाना मला पुढे पोथीत सापडला. मत्स्यपुराणाच्या ५८व्या अध्यायात नव्या तळ्याचा विधी आहे. मंडप, वेदी, कुंडं, ऋत्विज हे सगळं नेहमीचं. त्यानंतर पाण्यात सोडायच्या प्राण्यांची यादी येते. सोन्याचं कासव आणि सोन्याची मगर. चांदीचा मासा आणि चांदीचा पाणसाप. तांब्याचा खेकडा आणि बेडूक. आणि लोखंडाचा शिशुमार, ज्याला बहुतेक जाणकार नदीतला डॉल्फिन समजतात. या धातूच्या मूर्ती विधीपूर्वक पाण्यात सोडायच्या.

मासा समजतो, कासवही समजतं. कासव तर देवळाच्या दारातच असतं. मला खिळवून ठेवतात ते मगर आणि साप. ज्याने पदरमोड करून तळं खणलं, गवंडी लावले, घाट बांधला, त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की मगर घडव, तीही सोन्याची, आणि आपल्या हाताने पाण्यात सोड. म्हणजे या पाण्यात तुला हवे तेवढेच पाहुणे येतील असं समजू नकोस. ज्यांची भीती वाटते, ज्यांची किळस येते, त्यांचंही आमंत्रण तूच देतो आहेस. माझ्या बागवाल्याने कटकट म्हणून जी यादी सांगितली, तीच यादी इथे सोन्याचांदीत घडवलेली आहे.

पुढचा भाग त्याहून विलक्षण. गाय पाण्यात उतरवून पलीकडच्या काठाला न्यायची आणि यजमानाने तिच्या शेपटीला धरून मागोमाग जायचं. मग तो तळ्याचा उत्सर्ग करतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात 'प्रतिष्ठा आणि उत्सर्ग' असं स्वतंत्र प्रकरणच लिहिलं आहे. दान आणि उत्सर्ग यांत जुन्या शास्त्रकारांनी काटेकोर फरक केला होता. दानात माझी मालकी संपते आणि दुसऱ्या एका माणसाची सुरू होते. गाय दिली, ती भटजींची झाली. उत्सर्गात माझी मालकी संपते आणि कुणा एकाची सुरू होत नाही. वस्तू सगळ्यांसाठी मोकळी होते. मग या वकिली बुद्धीच्या लोकांना साहजिकच प्रश्न पडला: ज्याने तळं सोडलं, त्याने स्वतः त्यात आंघोळ केली तर? सोडलेली वस्तू परत घेतल्याचा दोष लागेल का? उत्तर असं, की नाही लागत. कारण 'सगळे' म्हटलं की त्यात तोही आलाच. काल मालक म्हणून ज्या पाण्यावर त्याचा पूर्ण हक्क होता, त्याच पाण्यावर आज गर्दीतला एक म्हणून त्याचा थोडासा हक्क आहे. खेकड्याइतका म्हणा.

वैराग्यावर पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण मालकी सोडण्याची इतकी व्यवहारी व्याख्या मला दुसरीकडे मिळाली नाही. घर सोडून हिमालयात जा असं इथे कुणी सांगत नाही. आहेस तिथेच राहा, रोज याच घाटावर ये, फक्त रांगेत उभा राहा.

अर्थात आपल्या समाजाने या व्याख्येचं काय केलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. संकल्पात 'सर्व भूतांसाठी' म्हणायचं आणि घाटावर माणसाला अडवायचं, हे शतकानुशतकं चाललं. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरवलं, आणि तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथलं ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्या तळ्यावर गुरंढोरं जात होती, परधर्मीय जात होते. नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून पाणी 'शुद्ध' करण्यात आलं. आणि मग विरोधकांनी कोर्टात दावा लावला. काय म्हणून? तर तळं सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं आहे! उच्च न्यायालयात १९३७ साली त्यांची हार झाली. हा खटला मी नेहमी उत्सर्गाच्या बाजूने वाचतो. माणूस दूर ठेवायचा म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा काय करावं लागलं, तर सोडलेली मालकी पुन्हा सांगावी लागली. धर्मशास्त्रालाच तिलांजली द्यावी लागली आणि तीही धर्माच्या नावाने.

तेव्हा घरामागे उघडं पाणी ठेवणं म्हणजे आपोआप पुण्य, असा माझा भाबडा समज नाही. कंपाउंडच्या भिंतीआडचं आमचं तळं कुणा माणसाची तहान भागवणार नाही. पुण्यात नळ आहे आणि नळ नसेल तिथे टँकर आहे. पण पाखरं, बेडूक, चतुर, मुंगूस यांच्यापुरता तरी मी मालक राहायचं की नाही, हा प्रश्न उरतोच. दुसरं अंदाजपत्रक पत्करलं तर तो प्रश्नच पडत नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

सुनेची अडचण वेगळी आहे आणि माझ्यापेक्षा भक्कम आहे. ती बालरोगतज्ज्ञ. "बाबा, तुमचा बेडूक मान्य," ती म्हणाली. "पण आपली चिमणी दोन वर्षांची आहे. या वयाचं मूल वीतभर पाण्यातसुद्धा बुडतं. सिनेमात हात मारतात, ओरडतात, तसं काही होत नाही. आवाजसुद्धा येत नाही." मग डेंग्यू. एडिस डासाला गटार लागत नाही, स्वच्छ साचलेलं पाणी चालतं. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात तिच्या वॉर्डात खाटा कमी पडतात. शेवटी तिने मला कोपऱ्यात गाठलं: "सर्व भूतांमध्ये एडिस धरायचा की नाही ते सांगा."

यावर मी दोन दिवस गप्प होतो. त्या यादीत डास नाही, सोन्याचा नाही की लोखंडाचाही नाही, असं मी थोडं वकिली उत्तर देऊन पाहिलं. तिने चहाचा कप उचलला आणि आत गेली. ती म्हणते ते खरं आहे. ज्याला आपण आमंत्रण देतो त्याचा हिशेब आपल्यापुरताच राहत नाही; माझ्या औदार्याची किंमत शेजारच्या मुलाने तापाने फणफणून द्यायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हक्क माझा होता तो मी सोडला म्हणू शकतो. तिच्या मुलीच्या सुरक्षिततेवरचा हक्क सोडायचा अधिकार मला नाही.

म्हणून मी दुसऱ्या बाजूचीही नीट पाहणी करायचं ठरवलं. बागवाल्याने बाणेरला एका बंगल्यात बसवलेला धबधबा दाखवायला नेलं. काम सुरेख होतं. काळ्या बेसॉल्टचे मोठे दगड, मधून मधून नेचे, पाण्याची धार तीन ठिकाणी फुटून पुन्हा एकत्र आलेली. आवाजही फसवणारा नव्हता, खरोखर सह्याद्रीतल्या ओहोळाचा. मालकीणबाईंनी कौतुकाने सांगितलं, की वर्षभरात एकदाही हात लावावा लागला नाही. मी म्हणालो, टाकीचं झाकण उघडून बघता येईल का? जुनी खोड, चेंबर दिसला की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही.

गोटे बाजूला करून झाकण उचललं. आत प्लास्टिकचा जाळीदार पिंजरा, त्यात पंप, पाइपाला एकमार्गी झडप. भिंतींवर बोटभर जाडीचा बुळबुळीत तपकिरी थर. एक झुरळ. आणि पंपाच्या वायरीच्या वेटोळ्यावर बसलेला एक बेडूक. मध्यम आकाराचा, रंगाने थोडा फिका पडलेला, पण टवटवीत. उजेड पडल्यावर त्याने गळा दोन-तीनदा हलवला आणि पाण्यात उडी मारली. गोट्यांच्या फटीतून लहानपणी आत गेला असणार आणि आता बाहेर यायला फट पुरत नसणार. बागवाला ओशाळला. म्हणाला, "काका, बारीक जाळी टाकून देतो, पुन्हा येणार नाही." मालकीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. मी तेवढ्यात बादलीने बेडूक काढून कर्दळीत सोडला.

मला त्यात कुणाचा दोष दिसला नाही. पण एक गोष्ट कळली, की बिनतळ्याचं पाणीसुद्धा बिनजिवांचं नसतं. तो तपकिरी थर म्हणजे जिवाणूंची वस्तीच. तीच वस्ती तळ्यात असली की माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करते, आणि ते वनस्पती खातात. इथे ती कुणासाठी राबत नव्हती, इतकंच. आलेला पाहुणा होता. फक्त यजमानाला पत्ता नव्हता.

बागवाल्याच्या पुस्तिकेत या प्रकाराला 'झेन' म्हटलं आहे. हे मात्र मला पटलं नाही. चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन गुरूने क्योतोच्या साइहो-जी मठाची बाग नव्याने रचली. आज तिथे शेवाळाचं राज्य आहे आणि लोक ते बघायला जातात. त्या बागेचे दोन भाग आहेत. खाली खरं तळं, बेटं, झाडांची सावली. वर टेकडीच्या उतारावर दगडांचा कोरडा धबधबा, ज्यात पाण्याचा थेंब नाही. दगडच असे बसवलेत की डोळ्यांना ओघ दिसावा. मुसोचं मत असं होतं, की बागेच्या दगड-पाण्यात पुण्यही नाही आणि पापही नाही. लाभ-हानी आहे ती बघणाऱ्याच्या मनात. अशा माणसाने दोन्ही केली आणि दोन्ही निखळ ठेवली. तळं आहे तिथे बदकालाही ते तळंच आहे. कोरडा धबधबा आहे तिथे बदक फसत नाही, कारण पाणी असल्याचं सोंगच नाही. बाणेरच्या धबधब्यावर मात्र मी एक बुलबुल पाहिला. धारेशी आला, ओल्या दगडावर चोच घासली, खाली साचलेलं काही दिसतं का ते इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेला. अर्थात सपाट दगडात दोन खळगे कोरले तर त्याची सोय होईल, हे बागवाल्याने लगेच सांगितलं. हुशार मुलगा आहे.

झाकलेलं पाणी म्हणजे खोटं पाणी, असंही मी म्हणणार नाही. मी पुण्यात राहतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. मधे मधे उच्छ्वास ठेवलेले, हवा निघून जायला आणि गाळ काढायला. शहर पिढ्यान्‌पिढ्या ते न दिसणारं पाणी प्यायलं. पण ते पेठेपेठेतल्या हौदांत उघड्यावर येत होतं आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहत होता, की हौदावर कोण येणार. याच शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. घरचा हौद! दान दिलेला नाही, नगरपालिकेचा नाही. स्वतः राहतो त्या घरातला, ज्याचं पाणी स्वतः पितो तो. मंडप नाही, गायीची शेपटी नाही, ऋत्विज नाहीत. माझ्या लेखी गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात झालेला सर्वांत शास्त्रशुद्ध उत्सर्ग तो.

माझा एक मित्र सांगलीकडचा. खात्यात बरोबर होतो. घर मराठी जैन, शेतकऱ्याचं. त्याला फोनवर हे सगळं ऐकवलं तेव्हा मला वाटलं, तो तरी उघड्या तळ्याच्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, "कशाला नसता उद्योग करतोस? आपण होऊन जीव जमवायचे आणि मग उन्हाळ्यात मारायचे. तुझा तो गोट्यांचा धबधबा बरा." त्याच्या परंपरेत श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा धंदे आहेत, त्यात तळी-सरोवरं आटवणं हा एक आहे. तळं केलंस की कधी तरी उपसायची वेळ येणार, ती आणूच नको, हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, डासांसाठी गप्पी सोडणार आहे, महापालिकाही देते. तो म्हणाला, "म्हणजे मारेकरी नेमलास!" मग मी म्हटलं, गप्पी नको तर चतुर आहेत. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासाच्या अळ्या खातात. ते आपण होऊन येतात, मी नेमत नाही. तो हसला. "फुकटात आले एवढाच फरक."

पण मग तो आपल्या आईबद्दल बोलू लागला. गावाकडे विहिरीचं पाणी शेंदल्यावर ती जाड दुपदरी फडक्यातून गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं, आणि ते धुणं, ज्याला जिवाणी म्हणतात, परत विहिरीत सोडायचं. वरून ओतायचं नाही. आपटून जीव मरतील. त्यासाठी तळाला कडी असलेलं वेगळं भांडं होतं. ते पाण्याला टेकेपर्यंत दोरीने खाली सोडायचं आणि टेकलं की हलक्या झटक्याने उलटं करायचं. आणि सोडायचं ते त्याच विहिरीत. दुसऱ्या पाण्यात नाही. "आता नळाचं पाणी गाळतो," तो म्हणाला, "गाळायला गाळतो रे, पण परत कुठे सोडणार? नळात?"

त्याच्या या वाक्याने मी थक्क झालो. इतके दिवस मी हक्काच्या बाजूने विचार करत होतो. कोण येणार, कोण पिणार, मालक कोण. त्याच्या आईचा प्रश्न परतीचा होता. ज्याचं आहे ते त्याच्याच घरी कसं पोचवायचं. नळाने पाणी घरात आणलं ही मोठीच गोष्ट. माझी पेन्शन त्याच पुण्याईवर चालली आहे. पण घेतलेलं परत करायची जागा त्याने नाहीशी केली. धबधब्याच्या टाकीतला बेडूक मी कर्दळीत सोडला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्या बाईने विचारलं असतं, तो तिथला होता का?

पाण्याचा हिशेब राहिला. ऐंशी चौरस फुटांचं तळं धरलं, तबकाच्या दहा मिलिमीटरचे सत्तर टक्के धरले, तर ऐन मे महिन्यात दिवसाला पन्नास लिटरच्या आसपास पाणी उडून जाईल. खडकवासल्याच्या कालव्याच्या शेपटाला इंदापूरकडे लोक आवर्तनाची वाट बघत असताना मी पुण्यात कुमुदिनीला पिण्याचं पाणी घालणार नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं आहे. धबधब्याचं पाणी उघड्या तळ्यापेक्षा कमी उडतं, ही त्याची खरी जमेची बाजू. मात्र धार दिवसभर चालली तर तिच्या तुषारांतूनही बरंच जातं, शिवाय दीडशे वॉटचा पंप दहा तासांत दीड युनिट खातो. पुण्यात सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवरच वर्षाला पासष्ट हजार लिटर पडतं आणि गटारात जातं. त्यातलं सहा-सात हजार टाकीत साठवलं, तरी चार महिन्यांची झीज भरून निघते. म्हणजे हे गणित सुटणारं आहे.

सुनेचंही सुटलं, पण तिच्या अटींवर. पंप नाही, धबधबा नाही. कमी खोलीचं तळं, एका बाजूने पायरीपायरीने उतरत गेलेलं. पाण्याच्या पातळीच्या जरा वर स्टीलची जाळी, अख्ख्या तळ्यावर, मोठा माणूस उभा राहिला तरी न वाकणारी. छिद्रं चार इंचांची: बेडूक, कुमुदिनीचा देठ जाऊ शकेल, पोर जाऊ शकणार नाही. जाळी बसून तपासल्याशिवाय पाणी भरायचं नाही. भोवती कुंपण, फाटकाची कडी मोठ्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. दर रविवारी अळ्या आहेत का ते तिने स्वतः बघायचं आणि तिला एक जरी दिसली तर गप्पी सोडायचे. त्या दिवशी सांगलीला फोन करायचा नाही. ही शेवटची अटसुद्धा तिचीच. बायकोने यात एक कमळ घुसवलं आहे. एवढ्या उथळ पाण्यात ते फुलेल का, याची मला शंका आहे.

मित्राला मी हे सगळं कळवलं. हरल्याचं त्याने कबूल केलं नाही. माझी हिंसा जरा नीटनेटकी झाली, असं म्हणाला. मग त्याने वार्षिक सफाईचं विचारलं. गाळ काढताना पाणी पूर्ण उपसायचं नाही. आधी जुनं पाणी ड्रममध्ये काढून ठेवायचं, जीव त्यात घ्यायचे, गाळ दिवसभर काठावर ओला ठेवायचा म्हणजे त्यातले चालू-सरपटू शकणारे पाण्याकडे परत जातील, आणि शेवटी ड्रममधलं पाणी त्याच तळ्यात, वरून न ओतता, सोडायचं. मी दोनशे लिटरचा ड्रम पुरेल म्हणालो. तो पाचशेच्या खाली यायला तयार नाही.